विश्लेषण : छायाचित्रण घरबसल्या शिकता येते का? कुठे शिकावे, काय पाहावे?

दागेर यांनी विकसित केलेल्या छायाचित्रणाच्या पद्धतीचे तपशील पॅरिसमध्ये १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाले. फ्रान्स सरकारने दागेर यांना निवृत्तिवेतन देऊन ही विद्या सर्वांसाठी खुली केली. म्हणूनच हा दिवस जागतिक छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो. पुढे १८५४मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्याशी जोडलेली होती. त्या काळी ही कला शिकणे मोजक्यांनाच शक्य होते. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि शिकण्याचे साहित्य बहुतांशी मोफत आहे. अडचण आहे ती निवडीची. त्यामुळेच अनेक हौशी मंडळी आधी हप्त्यांवर महागडा कॅमेरा घेतात आणि वर्षभरात तो कपाटात जातो.

तंत्र शिकण्यासाठी किती वेळ लागतो?

फार नाही. अपर्चर (भिंगाचे छिद्र), शटरचा वेग आणि आयएसओ या तीन गोष्टींचा ताळमेळ समजला की पाया तयार होतो. शटरचा वेग १/१२५ सेकंदावरून १/२५० केला, तर आत येणारा प्रकाश निम्मा होतो. छायाचित्राचा उजळपणा तेवढाच ठेवायचा असेल तर आयएसओ १००वरून २०० करावा लागतो किंवा छिद्र एक पायरी मोठे करावे लागते. हे गणित ‘केंब्रिज इन कलर’ या संकेतस्थळावर आकृत्यांसह समजावलेले आहे. ज्यांना खोलात जायचे आहे, त्यांच्यासाठी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवलेले मार्क लेव्हॉय यांची डिजिटल छायाचित्रणावरील १८ व्याख्याने यूट्यूबवर आहेत. फोन अंधारातही स्पष्ट छायाचित्र कसे काढतो, यामागील संशोधनात लेव्हॉय यांचा मोठा वाटा आहे. छायाचित्रांवर संस्करण करण्यासाठी ‘डार्कटेबल’ आणि ‘गिंप’ ही संगणकावरील मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत.

मग प्रेरणेसाठी काय पाहावे?

समाजमाध्यमे आपल्याला आधी आवडले त्यासारखेच पुन्हा दाखवतात. त्यामुळे तोच सूर्यास्त, तोच धबधबा, तीच रंगसंगती डोळ्यांत बसते आणि आपलीही छायाचित्रे तशीच होऊ लागतात. यावरचा उपाय म्हणजे संग्रहालये आणि ग्रंथालयांचे खुले संग्रह. अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये १९३५ ते १९४४ या काळात तेथील सरकारी प्रकल्पासाठी काढलेल्या सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आहेत आणि त्या ऑनलाइन पाहता येतात. ‘मॅग्नम फोटोज’ या १९४७मध्ये स्थापन झालेल्या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेचा संग्रहही संकेतस्थळावर आहे. न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’चा ‘सीइंग थ्रू फोटोग्राफ्स’ हा अभ्यासक्रम ‘कोर्सेरा’वर आहे. छायाचित्र काढावे कसे यापेक्षा ते वाचावे कसे, यावर त्यात भर आहे.

भारतीय आणि मराठीतून काय उपलब्ध आहे?

बेंगळूरुच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’शी संलग्न ‘मॅप अकॅडमी’ भारतीय कलेचा मोफत ऑनलाइन कोश चालवते. त्यात भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासावरही नोंदी आहेत. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे काम पाहिले की गर्दीत योग्य क्षणाची वाट कशी पाहायची हे उमगते. मराठी वाचकांसाठी सर्वांत जवळचा स्रोत म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४मध्ये सुरू केलेले ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’, म्हणजेच ‘पारी’. तेथील अनेक लेख मराठीतही आहेत आणि छायाचित्रे लेखांइतकीच बोलकी आहेत. ग्रामीण स्त्रियांच्या न मोजल्या जाणाऱ्या श्रमांवरील साईनाथ यांचे छायाचित्र-प्रदर्शनही तेथे पाहता येते. चांगल्या विषयासाठी लडाखला जावे लागत नाही, गावातला पाणवठाही पुरतो, हे त्यातून कळते.

दुसऱ्याच्या छायाचित्रातून शिकायचे कसे?

नुसते पाहून पुढे सरकल्याने काही हाती लागत नाही. ‘फ्लिकर’वर अनेक छायाचित्रांसोबत कॅमेरा, भिंग, अपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ यांची नोंद दिसते. आधी अंदाज बांधावा आणि मग नोंद पाहावी. प्रकाश कोणत्या बाजूने आला, छायाचित्रकार उभा होता की बसला होता, चौकटीबाहेर त्याने काय ठेवले असेल, हेही स्वतःला विचारावे. डोरोथिया लँग यांनी मार्च १९३६मध्ये कॅलिफोर्नियात काढलेले ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच प्रसंगाच्या इतर चौकटीही ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’च्या संकेतस्थळावर आहेत. कुठे लांबून दिसणारा तंबू, कुठे मुलांसह आई आणि शेवटी जवळून टिपलेला तिचा चिंताक्रांत चेहरा. गाजलेले छायाचित्र पहिल्याच फटक्यात मिळालेले नसते, हे त्या एकत्र पाहिल्यावर लक्षात येते.

हक्क आणि संमतीचे काय?

इंटरनेटवर दिसते म्हणून कोणतेही छायाचित्र फुकट वापरता येत नाही. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना असेल तर त्याच्या अटी वाचाव्यात. काहींना केवळ श्रेय पुरेसे असते, तर काहींना व्यावसायिक वापर किंवा बदल मान्य नसतो. दुसरा प्रश्न छायाचित्रातील माणसाचा. लँग यांनी ‘मायग्रंट मदर’मधील महिलेचे नाव विचारले नव्हते. त्या फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन होत्या, हे जगाला १९७८मध्ये कळले. त्या छायाचित्राचा आपल्याला काहीच मोबदला मिळाला नाही, अशी त्यांची खंत होती. ज्याचे छायाचित्र काढतो त्याला विचारणे, त्याचे नाव जाणून घेणे आणि जमल्यास छायाचित्र त्याला पाठवणे, एवढे तरी हातातल्या फोनमुळे आज सोपे झाले आहे.

ऑनलाइन शिक्षण कुठे कमी पडते?

‘लाइक’ मिळतात, पण छायाचित्र का फसले हे सांगणारे फार कमी भेटतात. त्यासाठी आपली छायाचित्रे परखडपणे पाहणारी तीन-चार माणसे हवीत. शहरातील फोटोग्राफी क्लब किंवा मित्रांचा छोटा गटही चालेल. ‘विकी लव्हज मॉन्युमेंट्स’सारख्या स्पर्धेत भाग घेतला, तर आपल्या तालुक्यातील किल्ला वा मंदिराचे छायाचित्र सर्वांसाठी खुल्या संग्रहात जमा होते.

सुरुवात कशी करावी?

नवा कॅमेरा घेण्याआधी तीन महिने हातातला फोनच वापरावा. एकच विषय निवडावा, उदाहरणार्थ आठवडी बाजार, एसटी स्थानक किंवा घरचे स्वयंपाकघर. आठवड्यातून एकदा तिथेच वेगवेगळ्या प्रकाशात छायाचित्रे काढावीत आणि त्यातील फक्त पाच ठेवावीत. उरलेली का टाकली, हे लिहून ठेवावे. तीन महिन्यांनी ही वही चाळली की आपल्याला नवे भिंग हवे आहे की आणखी सराव, याचे उत्तर सहज मिळेल. कदाचित हप्तेही वाचतील.