दवाखान्याच्या दारापलीकडे

घरात एका लेकराला खरूज झाली, की घरातल्या वडीलधाऱ्या बायका काय सांगायच्या, ते आपल्याला आठवत असेल. एकट्याला मलम लावून भागत नाही. सगळ्या घराने एकाच दिवशी लावायचे, अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे. नाहीतर काही दिवसांनी पुन्हा खाज सुरू. आता ज्यांच्याकडे पाण्यासाठी रांग आहे, पांघरूण एकच आहे आणि बांबू-ताडपत्रीच्या लहानशा खोपटात सारे कुटुंब अंगाला अंग लावून झोपते, त्यांनी काय करावे?

बांगलादेशातील कॉक्स बझार जिल्ह्यात, कुतुपालोंगच्या टेकड्यांवर रोहिंग्या मुसलमानांच्या छावण्या आहेत. 2023 साली तिथे झालेल्या पाहणीत दहा माणसांमागे सुमारे चौघांना खरूज असल्याचे आढळले. औषध घेऊन गेलेला रुग्ण पुन्हा दवाखान्याच्या दारात येई. यात डॉक्टरचा दोष नव्हता आणि त्या आईचाही नव्हता. आजार त्या खोपटातच पुन्हा जन्म घेत होता. निर्वासितांच्या आरोग्याचा प्रश्न दवाखान्यात सुरू होत नाही आणि तिथे संपतही नाही, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

म्यानमारच्या 1982 च्या नागरिकत्व कायद्यामुळे रोहिंग्या आपल्याच देशात परके ठरले. 25 ऑगस्ट 2017 नंतरच्या अत्याचारांत अवघ्या काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून आली. त्याच ऑक्टोबरमध्ये कॉलऱ्याच्या तोंडी लसीचे सुमारे नऊ लाख डोस पाठवून मोठी मोहीम घेतली गेली आणि ज्याची भीती होती, ती कॉलऱ्याची मोठी साथ आली नाही. पण वर्ष संपता संपता घटसर्प पसरला. ज्या मुलांना मायदेशात लस कधी मिळालीच नव्हती, त्यांचे गळे सुजले. बाहेरून आलेल्या अनेक डॉक्टरांनी हा रोग तोवर पुस्तकातच पाहिला होता.

दुसरी अडचण बोलीची. रोहिंग्या बाई जुलाबाला ‘गा लामानी’ म्हणते. शब्दशः अर्थ घेतला तर अंग खाली उतरणे. चितगावची बोली जवळची असली, तरी तिथल्या दुभाष्याला हे उमगेलच असे नाही. बाईची स्वतःची तक्रार असेल तर ती परपुरुषासमोर तोंडच उघडत नाही. म्हणून रोहिंग्या स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन स्वयंसेविका केले गेले. त्या दारोदार जातात, गरोदर बाईची चौकशी करतात, लसीची तारीख सांगतात, गरज पडली तर दवाखान्यापर्यंत सोबत करतात. आपल्याकडच्या आशाताई करतात तेच काम.

तिसरी गोष्ट चुलीची. सुरुवातीला सरपणासाठी बायका-मुले जंगलात जात, टेकड्या उजाड होत आणि खोपटात धूर कोंडे. 2018 पासून गॅसच्या टाक्या मिळू लागल्या. धूर कमी झाला, सरपणासाठीची धोक्याची पायपीट कमी झाली, टेकड्यांवर पुन्हा झाडे लावता आली. गॅसची टाकी कोणत्याही डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते, पण फुफ्फुसांसाठी तीही औषधच.

मात्र इथेच एक भिंत लागते. छावणीतल्या माणसाला रीतसर कामधंदा करण्याची मुभा नाही, पक्के घर बांधता येत नाही. सारे जगणे बाहेरून येणाऱ्या मदतीवर. 2023 मध्ये निधी आटला, तेव्हा माणशी महिन्याच्या अन्नाची मदत बारा डॉलरवरून आठ डॉलरवर आली. कुपोषित बाळाला दवाखान्यात पोषक आहार देऊन सावरायचे आणि पुन्हा त्याच अर्ध्या ताटाकडे पाठवायचे, याला इलाज कसे म्हणावे? बांगलादेशाने एवढ्या माणसांना आसरा दिला, हे त्याचे मोठेपण आहेच. तो भार एका गरीब देशावर टाकून जगाने मोकळे होणे, हे मात्र न्यायाचे नाही.

वेगळी वाट तुर्कस्तानात दिसली. तिथे एके काळी 36 लाखांहून अधिक सीरियन निर्वासित होते. नोंदणी झालेल्यांना सरकारी आरोग्यसेवा खुली झाली. पुढे निर्वासितांमधल्याच सीरियन डॉक्टरांना आणि परिचारिकांना तिथल्या पद्धतीचे प्रशिक्षण देऊन खास आरोग्य केंद्रांत नेमले गेले. रुग्णाला आपल्या भाषेत बोलणारा डॉक्टर मिळाला आणि डॉक्टरला आपला पेशा परत मिळाला. तिथेही अडचणी होत्या. ज्या प्रांतात नोंदणी, तिथेच सेवा, असा नियम होता. तरी एकाच पावलाने इलाज आणि रोजगार दोन्ही साधले.

हे वाचताना आम्हाला मदीना आठवले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुभाव जोडला, तेव्हा हजरत सअद बिन रबी (रजि.) यांनी हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना दुआ दिली आणि बाजार कुठे आहे, एवढेच विचारले. देणाऱ्याचे मन मोठे होते. घेणाऱ्याला आपल्या पायांवर उभे राहायचे होते. आजच्या निर्वासितालाही दोन्ही हवे आहे: आज औषध आणि उद्या बाजाराची वाट.

आपल्या घरांतल्या कितीतरी मुली आज परिचारिका, डॉक्टर होत आहेत. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. घरदार सोडून आलेला कुणी समोर आला, तर ‘काय होतंय?’ एवढ्यावर थांबू नका. ‘झोपता कुठे? पाणी कुठून आणता? घरात कमावतं कोण?’ हेही विचारा. अर्धे निदान त्या उत्तरांतच सापडेल.