वरण-दूध एकदम सोडू नका. पोटाला काय चालते ते आधी ओळखा

यवतमाळ : 'वरण खाल्लं की पोट गुबारते, दूध पेलं की सकाळी धावपळ होते.' ही तक्रार असलेली माणसे गावोगावी भेटतात. तपासणीत काही निघत नाही. मग कोणी सांगते डाळ सोड, कोणी सांगते दूध सोड, कोणी सांगते अंडे गरम पडते. हळूहळू ताटात उरतो भात आणि चटणी. पोट थोडे शांत होते, पण शेतात अर्धा दिवस काम केले की हातपाय गळतात. आतड्याचा त्रास आधीच होता, त्यात आता अशक्तपणाची भर पडते.

हा आजार आहे तरी काय?

वारंवार पोटात मुरडा, शौचाला जाऊन आल्यावर दुखणे कमी-जास्त होणे, कधी पातळ तर कधी घट्ट शौच, पोट फुगणे. तीन महिन्यांपासून आठवड्यात किमान एक दिवस असे दुखत असेल आणि त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर डॉक्टर 'आयबीएस' म्हणजेच इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचा विचार करतात. यात आतड्याला जखम नसते. आतडे नाजूक झालेले असते, थोड्या गॅसनेही ते चिडते. यातून कॅन्सर होत नाही.

दोष प्रोटीनचा नाही

डाळीतले प्रोटीन सहसा पोट फुगवत नाही. डाळीत काही विशिष्ट साखरा असतात. त्या पचवणारा पाचक रस माणसाच्या शरीरात तयार होत नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्या आंबवतात आणि गॅस होतो. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. भारतात निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांना ती पूर्ण पचत नाही. कांदा, लसूण आणि गहू यांतही आंबणाऱ्या साखरा असतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2005 मध्ये अशा सगळ्या साखरांना मिळून 'फॉडमॅप' हे नाव दिले.

म्हणून वरणाला दोष देण्याआधी ताटात सोबत काय होते तेही पाहावे. गव्हाच्या पोळ्या, कांद्याचा झणझणीत रस्सा आणि लसणाचा ठेचा असेल, तर एकट्या डाळीवर खापर फोडून चालणार नाही. तिखटानेही नाजूक आतडे दुखते.

कोणती डाळ, कशी शिजवायची?

सालाशिवायची मूगडाळ बहुतेकांना सोसते. सुरुवात अर्धी वाटी पातळ वरणाने करावी. तुरीची डाळ आपल्या जिल्ह्यात घरचीच, ती कायमची सोडायची गरज नाही. दोन-तीन तास भिजवावी, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात मऊ शिजवावी. त्या साखरांचा काही भाग भिजवलेल्या पाण्यासोबत निघून जातो. फोडणीला लसणाची पाकळी तेलात परतून काढून टाकली तर वास राहतो आणि त्रास कमी होतो. कारण लसणातील ती साखर तेलात उतरत नाही, पाण्यात उतरते. म्हणूनच पाकळी वरणात शिजू देऊ नये.

हरभरा, बरबटी, वाटाणा, राजमा आणि हिवाळ्यातले तुरीचे सोले जास्त गॅस करतात. झुणका किंवा पाटवडी खायची तर थोडी खावी. सोयाबीनच्या वड्यांत प्रोटीन भरपूर असले तरी त्या साखराही असतात, त्यामुळे त्रासाच्या दिवसांत त्या टाळाव्यात.

अंडी, मासे आणि कोंबडी यांत या साखरा नसतात. पण तेल-मसाल्याचा, कांदा-लसणाचा रस्सा केला तर त्रास होऊ शकतो. उकडलेले अंडे सर्वांत सोपे. शेंगदाणेही मूठभर चालतात.

दुधाचे काय?

200 मिली दुधात साधारण 10 ग्रॅम लॅक्टोज असते. कपभर चहात 50 मिली दूध असेल तर अडीच ग्रॅमच जाते. तेवढे बऱ्याच जणांना चालते. सकाळच्या चहाने पोट बिघडत असेल, तर दुधापेक्षा उपाशीपोटी घेतलेला कडक चहाच कारण असू शकतो. बकरीचे किंवा देशी गाईचे दूध घेतले तरी लॅक्टोज त्यातही असतेच.

दही लावताना विरजणातले जंतू काही लॅक्टोज संपवतात. म्हणून जेवणासोबत वाटीभर दही किंवा पातळ ताक दुधापेक्षा बरे. पनीरमधले बरेच लॅक्टोज पाण्यासोबत निघून जाते. तुपात ते जवळजवळ नसते. खवा, पेढा, बासुंदीत मात्र दूध आटवलेले असल्याने लॅक्टोजही दाट होते.

दूध कमी केले तर कॅल्शियमसाठी तीळ, नाचणी आणि दही आहारात ठेवावे.

दिवसाचा हिशेब

2020 च्या राष्ट्रीय शिफारशीप्रमाणे दर किलो वजनामागे 0.83 ग्रॅम प्रोटीन लागते. 55 किलोच्या बाईला सुमारे 46 ग्रॅम. तीन ज्वारीच्या भाकरी (150 ग्रॅम पीठ) 15 ग्रॅम, दिवसभरात दोन वाट्या मूगवरण (60 ग्रॅम डाळ) 14, दोन अंडी 12, वाटीभर दही 3 आणि 20 ग्रॅम शेंगदाणे 5, असे 49 ग्रॅम होतात. अंडे खात नसाल तर 50 ग्रॅम पनीरमधून 9 ग्रॅम मिळतात. ज्वारीची भाकर अनेकांना गव्हाच्या पोळीपेक्षा सोसते.

पारख अशी करा

सगळे एकदम बंद करू नका. दोन आठवडे फक्त दूध बंद ठेवा आणि रोजचा त्रास वहीत लिहा. नंतर पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप घेऊन पाहा. जिथे त्रास सुरू झाला, त्याच्या खाली तुमचे माप. फरक पडला नाही तर दूध सुरू करून दुसरी वस्तू तपासा. लहान मुले, गरोदर व दूध पाजणाऱ्या बाया यांनी असे प्रयोग स्वतःहून करू नयेत. गहू बंद करण्याआधी सिलिॲक आजाराची रक्ततपासणी करून घ्यावी. गहू सोडल्यावर ती तपासणी चुकीची येऊ शकते.

ही लक्षणे असतील तर थांबू नका

शौचातून रक्त, वजन घटणे, ताप, रक्त कमी होणे, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर सुरू झालेला त्रास किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर. यातले एकही असेल तर ते आयबीएस समजून घरी बसू नये. आतड्याच्या टीबीतही अशी लक्षणे दिसतात. आधी गावच्या आशाताईंना विचारून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तिथून पुढे यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाता येते. जाताना ती वही सोबत न्यावी, डॉक्टरांना तिचा मोठा उपयोग होतो.