एक वाघ, दोन नोंदी

2018 साली महाराष्ट्राच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात एका नर वाघाचा फोटो निघाला. 2020 मध्ये तोच वाघ दोनशेहून अधिक किलोमीटर दक्षिणेला, कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात पसरलेल्या काळी व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्यासमोर आला. ओळख पटली पट्ट्यांवरून. डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. नाहीतर एका वाघाचे दोन वाघ व्हायला वेळ लागत नाही.

शाळेतल्या गणितातला संच हाच हट्ट धरतो: एक घटक एकदाच. पण संगणकावर दोघे एकाच क्षणी नोंद करू लागले की गोची होते. दोघेही आधी पाहतात, वाघ यादीत नाही. मग दोघेही तो घालतात.

फंक्शनल प्रोग्रामिंगमध्ये जुना संच कुणी खोडतच नाही. भर घालायची तर नवा संच तयार होतो. उधळपट्टी वाटते खरी, पण संच समतोल द्विशाखी झाडासारखा रचला असेल तर मुळापासून नव्या पानापर्यंतची वाट तेवढी नव्याने लिहावी लागते. दहा लाख घटकांत ती सुमारे वीस गाठींची. बाकीचे झाड दोन्ही संच वाटून घेतात.

तरी धोका उरतोच. दोघांनी एकाच जुन्या संचावरून आपापला नवा केला, तर नंतर ठेवणारा आधीच्याची नोंद पुसून टाकतो. म्हणून अट घालतात: मी उचललेला संच अजून जागेवर असेल तरच माझा ठेव, नसेल तर ताजा घेऊन काम पुन्हा कर. ही तुलना आणि अदलाबदल प्रोसेसर एका दमात करतो, मध्ये कुणाला शिरकाव नाही. 2007 मध्ये आलेल्या क्लोजर भाषेतला ‘ॲटम’ असाच चालतो. मात्र भर घालणारे फंक्शन दोनदा-तीनदाही धावू शकते. त्यातूनच वनरक्षकाला एसएमएस पाठवाल तर तोही दोनदा-तीनदा जाईल.

दोन राज्यांनी आपापले संच ठेवून अधूनमधून त्यांचा संयोग केला, तर ही रस्सीखेचही टळते. संयोग कुठल्याही क्रमाने, कितीदाही करा, उत्तर तेच. मला हा मार्ग अधिक देखणा वाटतो. अडचण येते नोंद काढताना. एकाने मेलेला वाघ वगळला आणि दुसऱ्याकडे तो राहिला, तर पुढच्या संयोगात तो परत येतो. त्यावर उपाय म्हणून वगळलेल्यांचा वेगळा, फक्त वाढणारा संच ठेवतात. त्यात एकदा गेलेला घटक पुन्हा घालता येत नाही. वाघांच्या बाबतीत ती अट चालून जाते.