वस्ती वाढली, भाडे वाढले. गाळ्यातल्या कारागिराचे काय?

सिंहगड रस्त्यावरून धायरी फाट्याला आत वळले की आता दुतर्फा इमारतीच दिसतात. धारेश्वराच्या देवळामुळे ओळखले जाणारे हे हवेली तालुक्यातील शेतीचे गाव. येथे डीएसके विश्वसारखी मोठी वसाहत उभी राहिली. मळ्यांची नावे राहिली, मळे गेले. ऑक्टोबर 2017 मध्ये पुणे महापालिकेत जी 11 गावे आली, त्यांत धायरीचा उरलेला भागही होता. पाठोपाठ 2021 मध्ये शेजारचे नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी हद्दीत आले. सिंहगड रस्त्यावरचे नवे उड्डाणपूल 2024 व 2025 मध्ये खुले झाले. जागेचे भाव चढायला आणखी काय लागते?

अशा बदलाला इंग्रजीत जेंट्रिफिकेशन म्हणतात. रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1964 मध्ये लंडनसंबंधी लिहिताना हा शब्द घडवला. तेथे मजुरांच्या जुन्या घरांत सुखवस्तू लोक शिरले, भाडी वाढली आणि मजूर बाहेर फेकले गेले. धायरीची गोष्ट जरा निराळी आहे. मूळचा शेतकरी येथे जमिनीचा मालक होता, त्याला भावाचा फायदा झाला. उठण्याची पाळी येते ती भाड्याच्या गाळ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या कारागिरावर.

वाचकहो, आपले बहुसंख्य कारागीर बांधव याच वर्गात मोडतात. ग्रिल-फॅब्रिकेशनवाले, सुतार, ॲल्युमिनियम सेक्शन आणि काचवाले, गादीवाले, गॅरेजवाले, भंगारवाले, शिंपी. वस्ती उभी राहत असते तेव्हा यांना उसंत नसते. प्रत्येक फ्लॅटला ग्रिल हवे, सेफ्टी डोअर हवे, स्वयंपाकघराचे कपाट हवे. पण ही कामे घर घेताना एकदाच निघतात. इमारत भरली की कामाचा ओघ आटतो आणि नेमके तेव्हाच भाडे चढू लागते. शिवाय ज्या बाल्कनीला आपण ग्रिल बसवले, त्याच बाल्कनीतून ग्राइंडरच्या आवाजाची तक्रार येते. तक्रार अगदीच खोटी असते असेही नाही. रात्री नऊला कटर चालवणाऱ्याने शेजाऱ्याचा विचार करायलाच हवा.

हिशेब मांडून पाहा. समजा, एखाद्याच्या गाळ्याचे भाडे 8,000 रुपये होते आणि भाडे, मजुरी, वीज वजा जाता हाती 25,000 उरत होते. नव्या वस्तीमुळे धंदा वाढून हाती 32,000 येऊ लागले. त्याच वेळी करार संपला आणि मालकाने 16,000 मागितले. म्हणजे वाढलेले 7,000 तर गेलेच, वर आणखी 1,000 खिशातून गेले. मेहनत कारागिराची, बरकत मालकाची! मालकाला दोष देऊन भागत नाही; समोर औषधाचे दुकान किंवा सलून दुप्पट भाडे द्यायला तयार असेल तर तो तरी का थांबेल? महापालिकेचा मिळकत कर आला की त्याचा बोजाही भाड्यातच उतरतो.

मुंबईच्या भेंडी बाजाराचे उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने 2009 पासून तेथे सुमारे साडेसोळा एकरांवरील जुन्या इमारतींचा पुनर्विकास हाती घेतला. सुमारे 3,200 कुटुंबे व 1,250 दुकाने त्यात येतात आणि दुकानदारांना त्याच परिसरात मालकीची जागा देण्याची योजना आहे. हे शक्य झाले, कारण ट्रस्टची इच्छा तर होतीच, पण जुन्या भाडेकरूंजवळ कायद्याने मानलेला हक्कही होता. धायरीतील कारागिराजवळ काय असते? अकरा महिन्यांचा करार, तोही कित्येकदा नुसत्या स्टॅम्प पेपरवर.

या अकरा महिन्यांबाबत मोठा गैरसमज आहे. एक वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, असे सर्रास सांगितले जाते. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 (अंमल 2000 पासून) याच्या कलम 55 नुसार भाडे किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर मालक उलट सिद्ध करीपर्यंत करारातील अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अर्थात नव्याने शहरात आलेल्या गावातील आपल्या जागेला कोणते कलम लागते, हे वकिलाला विचारून घ्यावे.

करार अकरा महिन्यांचाच हवा, असे बंधनही नाही. तीन किंवा पाच वर्षांचा करार करता येतो. दरवर्षी भाडे किती टक्क्यांनी वाढणार, कराची वाढ कोण भरणार, जागा सोडायला किती महिन्यांची नोटीस, अनामत कधी परत, हे सारे त्यात लिहून घ्यावे. जो यंत्रे बोल्ट मारून बसवतो आणि थ्री फेज कनेक्शनसाठी पैसे मोजतो, त्याने निदान यंत्राची किंमत वसूल होईपर्यंतची मुदत मागितलीच पाहिजे. भाडे थोडे जास्त द्यावे लागले तरी चालेल. वस्ती नवी असते आणि गाळे रिकामे असतात, तेव्हा मालक अशा अटी ऐकतो. रस्ता रुंद झाल्यावर ऐकत नाही. नोंदणीकृत करार हाती असला की जीएसटी नोंदणीच्या वेळी आणि बँकेत कर्ज मागतानाही तोच जागेचा पुरावा म्हणून पुढे करता येतो.