वाळूतला चर ओळखा : मासा तिथेच, धोकाही तिथेच!

कोकणातल्या आपल्या अनेक बांधवांना गरवायला जाणे, म्हणजे गळाने मासे धरणे, काही नवे नाही. होडी नको, जाळे नको. एक काठी, दोरी, शिशाचा तुकडा, गळ आणि आमिषाला चार कोळंब्या एवढ्या भांडवलावर संध्याकाळच्या कालवणाची सोय होते. तरीही एकाच किनाऱ्यावर एकाची पिशवी भरते आणि दुसरा रिकाम्या हाताने घरी येतो. लोक म्हणतात, नशीब! आम्ही म्हणतो, नशीब नव्हे, नजर. पाण्याखालची वाळू वाचता येणे ही एक विद्या आहे. ती ज्याला येते तो मासा तर धरतोच, पण वेळ आली तर आपल्या लेकरांचा जीवही वाचवतो. म्हणून ज्यांनी कधी गळ हातात धरला नाही, त्या कुटुंबांनीही हे समजून घ्यावे.

बांध आणि चर

किनारा वरून सपाट दिसतो, पण पाण्याखाली तो शेतासारखा असतो. लाटांनी लोटलेल्या वाळूचा किनाऱ्याला समांतर असा बांध तयार होतो. बांध आणि किनारा यांच्यामध्ये जो लांबट खोलगट भाग राहतो, तो चर. लाटा बांधावरून पाणी आत आणून टाकतात. ते परत जाणार कोठून? पावसाळ्यात शेतात पाणी तुंबले की ते बांधाची कच्ची जागा फोडून वाट काढते. समुद्रातही तेच घडते. चरातले पाणी बाजूने वाहत जाते आणि बांधातल्या खिंडीतून वेगाने बाहेर पडते.

आता हे ओळखायचे कसे? लाट उथळ पाण्यावर फुटते. म्हणून जेथे पांढरा फेस, तेथे बांध. दोन फेसाळ पट्ट्यांच्या मध्ये जेथे पाणी गर्द, हिरवट-काळसर दिसते आणि लाट न फुटता पुढे सरकते, तेथे खोल चर किंवा खिंड. फेस, पालापाचोळा किंवा गढूळ पाणी समुद्राकडे वाहताना दिसले, तर ती खिंडच समजावी. किनारा आत कातरल्यासारखा आणि उताराचा असेल तर समोरचे पाणी बहुधा खोल असते. सुरूच्या बनाजवळ उंच जागी उभे राहून दहा मिनिटे नुसते पाहावे. त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे ओहोटीला यावे, उघडे पडलेले चर पाहावेत आणि एखाद्या झाडाची खूण धरून ठेवावी.

भरती चढू लागली की चरात पाणी भरते. लाटांनी उकरलेल्या वाळूतून खेकडे, किडे, शिंपल्यांतले जीव वर येतात आणि त्यांच्या मागे मासे येतात. शिंगाळा, ढोमा, मुडदुशी आणि कधी रावससुद्धा. गळ लांब फेकण्याची शर्यत लावू नये. फेस संपून गर्द पाणी जेथे सुरू होते, त्या कडेवर तो पडावा. मात्र चर ओलांडून पलीकडच्या बांधावर जाऊन उभे राहू नये. भरतीत मागचा चर भरतो आणि परतीची वाट बंद होते.

मुंबईकडे भरतीची ढोबळ वेळ काढण्याचा जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला आपण विहारात वंदनेला जातो. त्या सुमारास आणि अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण असते. ही चंद्र-सूर्याच्या ओढीची करणी आहे, कोणा देवतेचा कोप नव्हे. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, नंतर ती हळूहळू परत येते. म्हणून गेल्या वर्षीचा चर यंदा तेथेच असेल असे नाही. सारे अनित्य आहे. दर खेपेला नव्याने पाहावे लागते.

शांत पाणी फसवते

महाडचे चवदार तळे आणि बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे पाहून अनेक कुटुंबे पुढे दापोलीकडे, हर्णे-कर्देच्या किनाऱ्यावर जातात. विदर्भ-मराठवाड्यातली कित्येक माणसे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येतात, तेव्हाच समुद्र प्रथम पाहतात. नवख्या माणसाला फेसाळ लाटांची भीती वाटते. मग तो मुलांना घेऊन कोठे उतरतो? जेथे लाट फुटत नाही तेथे! म्हणजे नेमका खिंडीच्या तोंडाशी. मासे धरणारा जी जागा गळासाठी निवडतो, तीच पोहणाऱ्याने टाळायची असते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. अशी घटना घडली की 'समुद्राने बळी घेतला' असे बोलले जाते. समुद्र बळी मागत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते, हे तथागतांनी आपल्याला शिकवले. ते कारण पाहायला शिकलो, तर पुढचे मरण टळू शकते.

ओढ लागली तर

खिंडीतला प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेतो. जोराची ओढ सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगाची असू शकते. तिच्याशी झुंजत सरळ किनाऱ्याकडे येऊ पाहणारा थकतो आणि बुडतो. म्हणून घाबरू नये, पाठीवर तरंगावे, हात वर करून मदत मागावी. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे आणि मग फेसाच्या बाजूने आत यावे. काठावरच्यांनी एकामागून एक उड्या टाकू नयेत. एकाला वाचवताना घरातली दोन-तीन माणसे जातात. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा डबा, हवेची ट्यूब, फुटबॉल, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेकावे, जीवरक्षकाला किंवा कोळीबांधवांना हाक मारावी. खाडीच्या तोंडाशी आणि दारू पिऊन तर पाण्यात उतरूच नये.

कोणी विचारील, पंचशील घेणाऱ्यांनी मासे धरण्याबद्दल का लिहावे? पोटासाठी मासे धरणारे आपल्यातही आहेत, हे एक. आणि प्राणहानीपासून दूर राहा असे सांगणाऱ्या शीलात माणसाचा प्राण वाचवणेही येते, हे दुसरे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तोवर आपल्या पूर्वजांना त्या पाण्याला शिवण्याचीही बंदी होती. ज्यांना विहिरी-तळ्यांपासून दूर ठेवले, त्यांच्या मुलांनी पोहायचे शिकावे कोठे? पाण्याचा हक्क मिळाला. आता पाण्याची विद्याही मिळवली पाहिजे. तरुण मंडळांनी उन्हाळ्यात मुलामुलींसाठी पोहण्याचे वर्ग काढावेत. सहल काढणाऱ्या महिला मंडळांनी समुद्रात उतरण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांना काठावर उभे करून फेस कोठे, गर्द पाणी कोठे, हे दाखवावे. 'या आणि पाहा' असे धम्म सांगतो. समुद्रावरही आधी पाहा, मगच पाऊल टाका.