जुनाट पोटदुखी आणि वैद्यकीय तपासणी

पोट दुखूं लागलें कीं ओंवा चावावा, खाण्याचा सोडा घ्यावा आणि कामास लागावें, ही आपल्याकडील घरोघरची रीत आहे. एखाद्या दिवसाच्या अजीर्णास ती पुरेशी होय. परंतु तेंच दुखणें आठवड्यामागून आठवडे चालल्यास सोड्यानें आग तेवढी शमते, मूळ कारण तसेंच राहतें.

या कारणाविषयीं डॉक्टरांचीही समजूत पुष्कळ वर्षें अपुरी होती. जठरांतील व्रण चिंतेनें व तिखटानें होतो, असें मानीत. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनीं जठरांत राहणारे मळसूत्री आकाराचे जंतु प्रयोगशाळेंत वाढविले. पुष्कळ व्रणांचें मूळ हेच जंतु, हें लोकांस पटेना. तेव्हां १९८४ सालीं मार्शल यांनीं ते स्वतः प्राशन केले व थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास दाह झाला. २००५ सालीं उभयतांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आज श्वासाच्या किंवा मळाच्या तपासणीनें हे जंतु ओळखतां येतात, व सुमारें दोन आठवड्यांच्या औषधानें बहुधा नाहींसे होतात. मात्र प्रत्येक पोटदुखी त्यांच्यामुळेंच होते असें नाहीं. वेदनाशामक गोळ्यांनींही व्रण पडतो. म्हणून घरीं तर्क करीत न बसतां तपासणी करवावी. वजन घटणें, मळ डांबरासारखा काळा होणें, रक्ताची ओकारी, घांस अडकणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास मुळींच विलंब करूं नये.

विद्यार्थिमित्रांनो, पोटाचें दुखणें सांगण्यांत लाज कसली? आईबापांस स्पष्ट सांगा. पालकांनींही तें शाळा चुकविण्याचें निमित्त समजून उडवून लावूं नये.