ओरखडा जातो कुठे?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाने सांभाळून घ्यावं. विषय मात्र शंभर टक्के अनुभवाचा आहे.

झालं असं, की पार्किंगमधून स्कूटी काढताना ब्रेकच्या लिव्हरने बाबांच्या गाडीच्या दरवाजावर वीतभर ओरखडा काढला. गाडी गडद निळी, ओरखडा पांढरा. बाबा टूरवर. म्हटलं, आपण मेकॅनिकलला आहोत, ते येईपर्यंत गायब करू! पॉलिश केलं की ओरखडा भरून निघतो, अशी माझी ठाम समजूत होती. तिथेच घोटाळा झाला.

पॉलिश म्हणजे भरणं नव्हे, घासून कमी करणं. ओरखडा ही एक दरी समजा. तिच्या उतारांवर प्रकाश वेडावाकडा विखुरतो, म्हणून ती पांढरी दिसते. पॉलिशमधले बारीक कण आजूबाजूचं पठार घासत घासत दरीच्या तळापर्यंत खाली आणतात. पृष्ठभाग सपाट झाला, प्रकाश पुन्हा एका दिशेने परतायला लागला, की आपण म्हणतो ओरखडा गेला. खरं तर गेलेला असतो त्याच्या शेजारचा थर. (वॅक्स लावलं तर दरी थोडे दिवस झाकली जाते, पण धुता धुता ती पुन्हा हजर!)

आता हा थर असतो किती? गाडीचा सांगाडा आधी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक प्रायमर बसवतात. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला कॅथोड आठवा, इथे अख्खी गाडीच कॅथोड असते. त्यावर साधारणपणे दुसरा प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे झेरॉक्सच्या एक-दीड कागदाएवढे. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा, बहुतेकांच्या केसापेक्षाही पातळ. चमक त्याचीच आणि उन्हापासून रंगाला वाचवण्याचं कामही मुख्यतः त्याचंच. पॉलिश करायला आपल्याकडे एवढीच शिल्लक. तीसुद्धा सगळी वापरायची नाही, नाहीतर काही वर्षांत रंग उन्हाने फिका पडतो.

म्हणून आधी नख फिरवून बघायचं. नख अडकलं नाही, तर ओरखडा बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे आणि पॉलिशने जाईल. अडकलं, तर तो खोल आहे. तिथे टच-अप किंवा रंगकामच. पत्रा दिसत असेल तर लगेच, कारण पावसाळा गंजाची वाट बघतच असतो.

माझं नख अडकलं नव्हतं. पण ही परीक्षा तेव्हा माहीत कोणाला! पॉलिशऐवजी मी थेट २००० नंबरचा वॉटर पेपर घेतला. त्याचे कण साधारण १० मायक्रॉनचे, वाचायला अगदी निरुपद्रवी. पाणी मारत दहा मिनिटं घासलं. फडक्यावर पांढरट पाणी येत होतं, तो क्लिअर कोट होता. मग फडकं निळं झालं. मला वाटलं मळ निघतोय.

डेंटिंग-पेंटिंगवाल्या काकांनी बघताक्षणी कपाळावर हात मारला. "ताई, घडीवर घासलंत?" दरवाजाला जी मुरडलेली रेघ असते ना, बरोबर तिथेच. रंग ओला असताना धारेवरून ओसरतो, म्हणून तिथे तो आधीच पातळ. शिवाय बोटाचा सगळा जोर चिंचोळ्या जागेवर येतो. फोर्स भागिले एरिया! परीक्षेत हे मी मार्कांसाठी लिहिलं होतं.

शेवटी अख्ख्या दरवाजाला बेस कोट, क्लिअर कोट. मधल्यामधे क्लिअर जोडला तर सांधा दिसतो म्हणे. बाबांना सांगावंच लागलं, कारण बिल माझ्या पॉकेटमनीच्या कितीतरी पुढे गेलं.

उरलेल्या तीन दरवाजांवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा दिसतात. ती रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसल्याची कमाल, धूळ म्हणजे फुकटचा पॉलिश पेपरच. मी गाड्या पुसणाऱ्या दादांना म्हटलं, आधी पाणी मारत जा. ते म्हणाले, "ताई, पाणी सातलाच जातं."